'धोटा' कोणी पाहावा

माघ उलटला की निपाणीत कुणी कुणाच्या सर्दीची विचारपूस करत नाही. शेतांतला तंबाखू वखारींना लागलेला असतो, रस्त्यात टेम्पो उभे असतात आणि गावाच्या हवेला एक तिखट, गोडसर, घशात अडकणारा वास येतो. बाहेरगावचा पाहुणा बसमधून उतरतो, दोनदा शिंकतो आणि विचारतो, इथं कसली साथ आली आहे का? आम्ही सांगतो, साथ नाही, सुगी आहे.

यंदाची पहिली शिंक येते न येते तोच कोल्हापूरहून एका पुरवणीच्या संपादकाचा फोन आला. तरुण, घाईत असलेला आवाज.

"सर, 'न पाहिलेले थोर चित्रपट' असं पान करतोय. दहा नावं द्या. शक्यतो कुणालाच माहीत नसलेली."

"कुणालाच माहीत नसलेली मला कशी माहीत असतील?"

तो हसला नाही. "आणि कुठं बघायला मिळतील ते प्रत्येकापुढं कंसात टाका."

मी इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. सिनेमाशी माझा धंद्याचा संबंध नाही. तरी दरवर्षी कुणीतरी मला सिनेमे विचारतं, आणि त्याला कारण एकच हंगाम आहे, काही वर्षांपूर्वीचा, याच वासाचा.

त्या हिवाळ्यात आम्ही चार रिकामटेकड्यांनी निपाणीत फिल्म क्लब काढला. जागा कुठली? तर अण्णांची वखार. अण्णा तंबाखूचे व्यापारी, मनाने उदार आणि भाषणांचे भुकेले. अर्धी वखार मालाने भरलेली होती, उरलेल्या अर्ध्या जागेत त्यांनी सतरंज्या टाकून दिल्या आणि एकच अट घातली.

"सर, पिच्चर बारका असंना का, उद्घाटन मोठं पायजे."

उद्घाटन मोठं झालं. व्यासपीठावर माणसं इतकी होती की समोर बसायला कमी पडली. समईची वात पेटेना, तेव्हा एका मान्यवरांनी खिशातल्या लायटरने ती पेटवली आणि त्याच ज्योतीवर नकळत विडीही शिलगावली. तंबाखूच्या वखारीत. अण्णांनी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं, परत आले आणि 'चित्रपट आणि समाज' यावर बोलत राहिले. ते संपेस्तोवर प्रोजेक्टर तापून बंद पडला होता.

पण दुसऱ्या आठवड्यापासून मान्यवर यायचे थांबले आणि सिनेमे सुरू झाले.

कुठून कुठून मिळवलेले होते ते. एका थंड देशातला होता. बापाच्या मागे दोघी बहिणी त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आवरायला बसतात आणि सबंध सिनेमाभर आवरतच राहतात. गिऱ्हाइकं आपली घड्याळं मागायला येतात, आणि त्या दोघींना प्रत्येक घड्याळाबरोबर बापाबद्दल थोडं थोडं नवं कळत जातं. बाकी काहीही घडत नाही. एक आपल्याकडचाच, उत्तरेतला. गावात बोअर मारायचा ट्रक येतो, दिवसभर जमिनीतून पांढरी भुकटी उडत राहते, आणि पाणी लागेल की नाही या धाकात माणसं एकमेकांशी जन्मात बोलली नव्हती ते बोलून जातात. आणखी एकात एक म्हातारा शेळी विकायला डोंगर उतरतो आणि शेळी घेऊनच परत येतो. मी आजवर पाहिलेल्या सिनेमांत ही परतीची चाल मला सगळ्यांत वरची वाटते. का, ते मला कुणाला समजावून सांगता आलेलं नाही.

हे तिन्ही सिनेमे सगळ्यांनी पाहावेत. अडचण एवढीच की मला त्यांची नावं आठवत नाहीत. वखारीबाहेरच्या फळ्यावर अण्णा स्वतः खडूने नाव लिहायचे, आणि परक्या नावांची जीभ वळत नाही म्हणून आपल्या मनाची नावं ठेवायचे. पहिल्याचं त्यांनी 'घड्याळ' केलं, दुसऱ्याचं 'लागलं का?' आणि तिसऱ्याचं 'शेळी परत'. गावात हीच नावं चालली. हळूहळू आमच्याही तोंडी हीच बसली आणि खरी पुसली गेली. आता कोल्हापूरच्या संपादकाला 'शेळी परत' कुठे बघायला मिळेल हे कंसात कसं द्यायचं?

वखारीत वास असा की निम्मे प्रेक्षक डोळे पुशीत असायचे. कोण रडतंय आणि कुणाला तंबाखू लागलाय हे ओळखायची सोय नव्हती. बाहेरून आलेल्या एका समीक्षकाने आमच्या प्रेक्षकांच्या हळवेपणावर लेख लिहिला. आम्ही त्याला खरं सांगितलं नाही. बायका तंबाखू-पानांची सुपं घेऊन यायच्या आणि ती मांडीवर ठेवून अंधारात विड्या वळत सिनेमा पाहायच्या. पानं कातरल्याचा बारीक आवाज सगळ्या सिनेमांखालून वाहत असायचा. मला बरेच दिवस वाटे की एखादा सिनेमा खरोखर थोर असेल तर हे हात थांबतील. ते कधी थांबले नाहीत. त्यावरून सिनेमांबद्दल काही निष्कर्ष निघतो का? मला काढता आला नाही. हातांना दिवसाच्या ठरलेल्या विड्या पुऱ्या करून द्यायच्या असतात.

त्या हंगामाच्या शेवटी शेवटी सिद्धू आला.

सिद्धू बेळगावजवळच्या वडगावचा, विणकराच्या घरातला. लग्नाचे व्हिडिओ काढायचा. त्याने स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईबापांना घेऊन एक सिनेमा केला होता. नाव 'धोटा'. मागावर इकडून तिकडे धावणारा तो लाकडी तुकडा. पुढे कुणीतरी लिहिलं की धोटा म्हणजे दोन भाषांमधून ये-जा करणारा सीमाभागातला माणूस. मी सिद्धूला विचारलं. तो म्हणाला, "न्हाय ओ सर. आमच्या घरात धोटा हाय म्हणून धोटा."

सिनेमात एक दिवस आहे. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग खडखडताहेत. माग विकायचे की ठेवायचे, एवढाच विषय. सिद्धूने आईबापांना संवाद लिहून दिले नव्हते. म्हणाला होता, नेहमी बोलता तसं बोला. त्याची आई, तिला तो अव्वा म्हणायचा, रामदुर्गकडची. ती कानडीत बोलते. आप्पा मराठीत. दोघं आपापल्या भाषेत, मागाच्या आवाजावर ओरडून, अर्धं हातवाऱ्यांनी. मागाच्या घरात संसार असाच चालतो. पाणी हवं तर अंगठा, पोरगं कुठे तर भुवया, आणि बाकी सगळ्याला 'हूं'.

भांडणाचा प्रसंग तर मला अजून पाठ आहे. आप्पा तुटलेला धागा जोडताहेत. अव्वा मागाला टेकून उभी राहून त्यांना म्हणते की माग गेले तर हे घर गप्प होईल. मला गप्प घराची भीती वाटते. आपलं दोघांचं बोलणं असं कितीसं असतं? या आवाजात असतो तेवढंच आपण एकमेकांबरोबर असतो. ते सगळं खडखडाटात, कानडीत, एका दमात. आप्पा धाग्यावरून नजर न काढता म्हणतात, "हूं. बघूया की."

वखार हसली होती. घरोघरच्या नवऱ्यांना ओळखून हसली होती. मागच्या बाजूला आप्पा स्वतः बसले होते, कानाला हात लावून. लोक आपल्या वाक्याला हसले हे पाहून तेही हसले. मला तर ते बगल देणारं उत्तर म्हणजे अभिनयाची कमाल वाटली. मी क्लबच्या स्मरणिकेत लिहिलं, 'या चित्रपटात दोन भाषा नाहीत, एक संसार आहे.' हे वाक्य मला इतकं आवडलं की नंतर ते मी बऱ्याच व्यासपीठांवर वापरलं.

गंमत म्हणजे त्या संध्याकाळी सिनेमा संपल्यावर मी वखारीत विचारलं, सिनेमा कुठल्या भाषेत होता? अण्णा म्हणाले, मराठीत की. शेजारचा म्हणाला, कानडीत न्हवता व्हय? दोघांनी तावातावाने वाद घातला, पण आपल्याला तो सगळा कळला याबद्दल दोघांपैकी कुणालाच शंका नव्हती. बाहेर मात्र हेच आडवं आलं. कानडी सिनेमांच्या स्पर्धेने हा मराठी म्हणून परत केला, मराठीच्या स्पर्धेने कानडी म्हणून. सिद्धू परत लग्नांकडे वळला. माग त्याच उन्हाळ्यात विकले गेले. अव्वा नंतर तीन-चार वर्षांनी गेली. मी मात्र भेटेल त्याला सांगत राहिलो की 'धोटा' जास्त लोकांपर्यंत पोचायला हवा.

या वाक्याचा अर्थ काय, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. यंदा विचारावा लागला, कारण कोल्हापूरच्या फोननंतर आठवड्याभरात सिद्धूचा फोन आला.

"सर, मुंबईचं एक कंपनीवालं मागालेत 'धोटा'. मोबाइलवर पिच्चर दाखवतात, त्यातलं."

"अरे वा."

"वा न्हाय सर. सगळा एका भाषेत करा म्हणालेत. अव्वाचं बोलणं दुसऱ्या बाईकडनं मराठीत घालायचं. मागाचा आवाज बी कमी करायचा."

"खाली अक्षरं दे म्हणावं."

"म्हणालो की. लोक भाजी चिरत बघतात म्हणालेत, वाचत न्हाईत. एक सीन करून बी पाठवलाय, भांडणाचा. आज काय ते सांगा म्हणालेत. तुम्हीच म्हणत होता ना सर, लई लोकांनी बघाय पायजे म्हणून. मग सांगा, करू काय?"

सिद्धूजवळ तो एकच सिनेमा आहे आणि त्यात त्याच्या आईचा आवाज आहे. फोनवर उत्तर द्यायचा विषय नव्हता. मी बेळगावची बस धरली.

खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर मागे पडत होते आणि मी मनात भाषण जुळवत होतो. नाही म्हण, असं सांगायचं ठरलं होतं. आईचा आवाज पुसून मिळवलेला प्रेक्षक हा प्रेक्षकच नव्हे. दोन्ही भाषा अंगात मुरलेला आमचा मुलूख, आणि तो आता मुंबईच्या सोयीसाठी... वगैरे. संकेश्वरापर्यंत भाषण इतकं चांगलं झालं की मला त्याचा संशय यायला लागला. मग उलट बाजू सुचू लागली. सिद्धूने किती वर्षं नवरदेवांच्या वराती काढायच्या? अव्वाचा चेहरा तरी हजारो लोक पाहतील. मग वाटलं, त्या वखारीत नसताना, तो वास नसताना, पानं कातरल्याचा आवाज नसताना हा सिनेमा थोर उरतो तरी का? की थोर होता तो फक्त एक हिवाळा, आणि मी इतकी वर्षं लोकांना एका हवामानाची शिफारस करत आलो? पुढे सूतगट्टी गाव येईपर्यंत मी चार वेळा मत बदललं. वडगावात उतरलो तेव्हा माझ्याजवळ एकही नव्हतं.

सिद्धूच्या पुढच्या खोलीत आता मागांच्या जागी दोन मोठे संगणक आहेत. शेजारच्या घरांतून खडखड ऐकू येते, या घरात नाही. आप्पा खुर्चीवर बसले होते. जन्मभर मागाशेजारी उभं राहून त्यांचे कान जवळजवळ गेलेले आहेत.

"या मास्तर," ते मोठ्याने म्हणाले. "ह्यो काय विचाराय लागलाय ते तुम्हीच सांगा. मला तर काय ऐकूच येत न्हाय, मला कशाला विचारतोय."

"आप्पा, तुम्ही तर हिरो," मी ओरडून सांगितलं.

"व्हय की. पगार मात्र दिला न्हाय ह्यानं."

सिद्धूने मला आधी तो मराठी केलेला प्रसंग दाखवला. मागांचा आवाज लांब कुठेतरी गेला होता, पावसाळ्यात पलीकडच्या गल्लीतून यावा तसा. आणि अव्वाच्या तोंडून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या एखाद्या बाईचा आवाज आला. शुद्ध, मोजका, प्रत्येक शब्द धुतलेला. 'माग विकलेत तर हे घर गप्प होईल.' माझ्या अंगावर काटा आला, आणि तो बरा नव्हता. बसमधलं पहिलं भाषण मला अख्खं परत आठवलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पांनी हात पुढे केला.

"मला बी दावा की."

सिद्धूने आपले मोठे हेडफोन त्यांच्या कानांना लावले, आवाज पूर्ण चढवला आणि प्रसंग पुन्हा सुरू केला. आम्ही दोघं उभे होतो. आप्पांनी आधी स्वतःला पाहिलं, मिशी चाचपली. मग अव्वा बोलायला लागली तसे ते पुढे वाकले. प्रसंग संपला. ते पडद्याकडेच बघत राहिले.

"ही असं म्हणत होती?"

सिद्धूला प्रश्न कळला नाही. त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "कोण आप्पा?"

"तुझी आई. हेच म्हणत होती?"

"व्हय. हेच की. कानडीत."

"घर गप्प हुईल म्हणून? भ्या वाटतंय म्हणून?"

"व्हय."

आप्पांनी गुडघ्यावर हात घासले. "मला वाटलं, इकू नको, पोराच्या लग्नाला पैसं कमी पडतील, असलं कायतरी म्हणालीया."

"तुम्हाला कानडी येतंय की," मी म्हणालो. ओरडायचं विसरून म्हणालो, तरी त्यांना ऐकू गेलं असावं.

"बाजारातलं येतंय मास्तर. जेव म्हटलं, ये म्हटलं, दर काय, सगळं येतंय. ती रामदुर्गकडचं भराभरा बोलायची. निम्मं मागात जायचं, निम्मं मला गावायचं न्हाय. मी हूं म्हणायचो. तिला वाटायचं, कळलंय."

सिद्धूला दोन्ही भाषा आईबापांकडून आलेल्या. त्या दोघांना एकमेकांच्या येत नसतील हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. माझ्या मनात तर स्मरणिकेतलं वाक्य होतं. ते तिथेच, दोन संगणकांच्या मधे, मी मनातल्या मनात खोडलं. पण त्याच्या जागी काय लिहायचं? दोन भाषा होत्या, एक संसारही होता, आणि त्या संसारातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली गेली तेव्हा ऐकणारा एक धागा जोडत होता. सगळ्या वखारीला ती कळली होती. जिला सांगायची होती तिने सांगितली होती. ज्याला सांगितली त्याच्यापर्यंत मात्र ती पुण्यामुंबईकडच्या कुठल्या तरी बाईला आणावी लागली.

"आता जुनं लाव," आप्पा म्हणाले.

"आप्पा, त्यात तुम्हाला ऐकू येणार न्हाय. माग लई वाजतोय."

"वाजू दे. आता म्हाईत हाय मला काय म्हणतीया. तिच्या तोंडानं म्हणू दे."

सिद्धूने मूळ प्रसंग लावला. आवाज इतका मोठा होता की हेडफोनच्या बाहेरही मागांची खडखड येत होती. खोलीत जणू कुणी माग परत आणून मांडले. पडद्यावर अव्वाचे ओठ हलत होते. तिचं बोलून झालं आणि पडद्यावरचे आप्पा धाग्यावर वाकलेलेच होते, तेव्हा खुर्चीतले आप्पा म्हणाले, कान झाकलेली माणसं बोलतात तसं, घरभर ऐकू जाईल असं, "न्हाय इकत."

सिद्धू फोन घेऊन अंगणात गेला. मी त्याच्यामागे गेलो. आता उत्तर उघड होतं असं मला वाटलं. कुठलं उघड होतं, ते मात्र सांगता आलं नसतं. त्याने नंबर लावला.

"हां, नमस्ते. 'धोटा'चं बोलतोय. करा तुम्ही मराठीत... हां, तसाच, पाठवलाय तसा. पन मूळचा माझ्याकडंच राहील." त्याने फोन ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"चुकलं काय सर?"

"माहीत नाही."

"आप्पांसारखी लई असतील सर. आपल्या घरात बसून हूं म्हणणारी."

कोल्हापूरला यादी द्यायची आहे. त्यात 'धोटा' घालायचा हे नक्की. कुठला घालायचा ते ठरत नाही. ज्याला सगळं कळतं त्याने मूळचा पाहावा असं लिहायला जावं, तर असा माणूस कोण हे सांगता येत नाही. मला वाटायचं तो आमच्याकडे घरोघरी सापडतो.

आम्ही अंगणातून आत आलो तर आप्पांनी प्रसंग स्वतःच मागे नेऊन परत लावला होता. ते तिच्याशी बोलत होते. मागांच्या वर आवाज काढून, मराठीत, पुष्कळ काही. पण ती बोलायला लागली की ते गप्प बसत, आणि तिचं पुरतं झाल्याशिवाय तोंड उघडत नव्हते.